शून्यावरचा काटा

हल्ली आमच्या वसईच्या धर्मग्रामांत लग्न असो, प्रथम कम्युनिअन असो की पालक संताचा सण असो, चर्चच्या अंगणात गळ्यात मोठा कॅमेरा अडकवलेली चार-पाच तरुण मंडळी हमखास दिसतात. मोबाईल फोनने छोट्या कॅमेऱ्यांचा निकाल लावला. परंतु ज्यांना खरी ओढ आहे ते अजूनही पैसे साठवून भिंग बदलता येईल असा कॅमेरा घेतात, याचे आम्हांला कौतुक वाटते. विज्ञान शिकविण्यात आमचे आयुष्य गेले आणि फावला वेळ छायाचित्रणात गेला. त्यामुळे ही मुले मिस्सा संपल्यावर आम्हांला गाठतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : काटा शून्यावर आणला होता, तरी फोटो असा का आला?

या प्रश्नातला 'तरी' हा शब्द आम्हांला महत्त्वाचा वाटतो. काटा शून्यावर आला म्हणजे सर्व यथास्थित झाले, अशी एक समजूत त्यात दडलेली आहे. कॅमेऱ्याच्या डोक्यावरील चकती फिरवून 'एम' या अक्षरावर आणली, म्हणजे मॅन्युअल पद्धत स्वीकारली, आणि नंतर इमानेइतबारे काटा शून्यावर नेऊन ठेवला, तर आपण केले काय? जे काम यंत्र आपणहून निमिषात करून देत होते, तेच आपण दोन्ही अंगठे शिणवून सावकाश केले. तेवढ्यासाठी 'एम'वर जाण्याचे काही कारण नव्हते.

प्रथम तो काटा काय आहे हे पाहू. व्ह्यूफाइंडरच्या कडेला किंवा मागच्या पडद्यावर एक लहानशी पट्टी दिसते. मध्ये शून्य, एका अंगाला अधिक, दुसऱ्या अंगाला उणे. कोणत्या अंगाला काय हे एकदा पाहून घ्यावे, कारण निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यांत अधिकची बाजू डावीकडे असे. आकडे दोनपर्यंत किंवा तीनपर्यंत असतात आणि प्रत्येक घराचे तीन बारीक भाग पाडलेले असतात. एक घर म्हणजे एक स्टॉप, आणि एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट किंवा निमपट. शटर १/१२५ वरून १/६० वर आणले की प्रकाश दुप्पट झाला. छिद्र, म्हणजे ॲपर्चर, ४ वरून २.८ वर उघडले की दुप्पट झाला. आयएसओ ४०० चा ८०० केला की परिणाम तोच. ज्या वाचकांनी लहानपणी वाडीत रहाटाच्या पाण्याने वाफे भरले आहेत त्यांना अधिक सांगायला नको. पाटाचे तोंड किती रुंद, ते किती वेळ मोकळे, आणि जमीन किती तहानलेली, या तिहींचा तो हिशेब आहे. शटर सावकाश केले तर हलणारी माणसे पुसट होतात, छिद्र मोठे केले तर मागचा देखावा विरघळतो, आयएसओ चढविला तर चित्रात रवा येतो. कोणती किंमत मोजायची हे काटा सांगत नाही. तो बेरीज तेवढी दाखवितो.

आणि ती बेरीज कशाशी ताडून पाहतो? सारा गोंधळ येथे आहे.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक वस्तूवर पडणारा प्रकाश मोजीत नाही. वस्तूवरून परावर्तित होऊन भिंगातून आत आलेला प्रकाश तो मोजतो. त्यामुळे आपण मंद उजेडातील पांढऱ्या वस्तूकडे पाहत आहोत की लख्ख उन्हातील काळ्या वस्तूकडे, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. दोहोंकडून येणारा प्रकाश सारखा असू शकतो. मग यंत्र बनविणाऱ्यांनी एक सोय केली. समोर जे काही असेल ते मध्यम करड्या रंगाचे आहे, असे त्यांनी यंत्राला धरून चालायला लावले. छायाचित्रकार वापरतात ते करडे पुठ्ठे आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी १८ टक्के प्रकाश परत पाठवितात. १८ हा आकडा ऐकून पुष्कळांना नवल वाटते. मधला म्हणजे ५० नको का? परंतु आपला डोळा असा सरळ हिशेब करीत नाही. अंधाराकडील लहान फरक त्याला मोठे वाटतात आणि उजेडाकडील मोठे फरक लहान. म्हणून १८ टक्के परावर्तन आपल्याला काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मध्यावर भासते. प्रत्येक कंपनी आपला प्रकाशमापक नेमका याच आकड्यावर बसविते असे नाही. थोडे खालीवर होते. तत्त्व तेच राहते.

काटा शून्यावर आहे याचा अर्थ एवढाच की, समोरची वस्तू आता चित्रात मध्यम करडी उमटेल. ती तशी उमटावी की नाही, याविषयी काट्याला काही म्हणायचे नसते.

वाचकांनी हे घरी करून पाहावे असे आम्ही सुचवितो. खर्च काही नाही. दोरीवर एक पांढरी चादर टांगावी आणि शेजारी एक काळा कोट. कॅमेरा जवळ नेऊन आधी सारी चौकट चादरीने भरावी, काटा शून्यावर आणावा, छायाचित्र घ्यावे. नंतर कोटाने चौकट भरावी, पुन्हा काटा शून्यावर, पुन्हा छायाचित्र. दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवली तर चादर राखेच्या रंगाची आणि कोटही राखेच्या रंगाचा आढळेल. विज्ञानाच्या तासाला अशी प्रात्यक्षिके मुलांना भारी आवडत.

एरवी हे दोष झाकले जातात, कारण बहुतेक देखाव्यांत थोडे पांढरे, थोडे काळे, थोडे हिरवे असे मिसळून सरासरी मध्यमाच्या आसपास येते. शिवाय आजचे कॅमेरे पूर्वीइतके भोळे राहिलेले नाहीत. १९८३ साली निकॉनच्या 'एफए' या कॅमेऱ्यात चौकटीचे भाग पाडून प्रत्येकाची वेगळी मोजणी करण्याची पद्धत आली, आणि आता तर यंत्र चेहराही ओळखते. परंतु वधूचा पायघोळ पांढरा झगा, चर्चची चुन्याने रंगविलेली भिंत आणि दुपारचे ऊन अशी तिन्ही एकत्र आली की हे शहाणपणही पुष्कळदा डळमळते. आणि आमच्या समाजात ही तिन्ही एकत्र येण्याचे प्रसंग काही कमी नाहीत!

आमच्या मावसबहिणीचे लग्न १९८७ साली झाले. तिचा आल्बम आजही घरात आहे. चर्चच्या पायऱ्यांवर दोन्ही कुटुंबे उभी आहेत, मागे पांढरी भिंत, पुढे ऊन. झग्यावरची जाळी अशी उतरली आहे की टाके मोजून घ्यावेत. नवरदेवाचा टायही छान आहे. परंतु मागच्या रांगेत कमानीच्या सावलीत उभी असलेली आमची थोरली मावशी, वधूची आई, पदर डोक्यावर घेतलेली, तिच्या चेहऱ्याच्या जागी एक काळसर लंबगोल आहे. छायाचित्रकार परिसरातला नावाजलेला होता. त्याने काही हयगय केली असे आम्ही म्हणणार नाही. भिंतीने आणि झग्याने काटा ओढून नेला आणि त्याने तो काट्याचा शब्द प्रमाण मानला, इतकेच. दोन वर्षांनी मावशी गेली. स्मरणपत्रिकेसाठी छायाचित्र हवे म्हणून घरभर शोध झाला. आमच्या पिढीच्या आईबापांची छायाचित्रे किती असत? एखादे रेशनकार्डाच्या वेळचे, एखादे कुणाच्या लग्नातले. तेच पायऱ्यांवरचे छायाचित्र निघाले. निगेटिव्ह स्टुडिओत नेली, चेहरा मोठा करून मागितला. स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह उजेडासमोर धरून आम्हांला दाखविली. त्या जागी काच असावी तशी ती स्वच्छ पारदर्शक होती. तेथे काही उमटलेच नव्हते, तर तो मोठे काय करणार? पत्रिका क्रुसाचे चित्र घालून छापली गेली. मावशीच्या सर्वांत धाकट्या नातवंडांना ती कशी दिसत असे हे आज तोंडाने सांगावे लागते.

म्हणून मुले काट्याविषयी विचारतात तेव्हा आम्ही थोडे लांबण लावतो.

काटा नव्हता तेव्हाही छायाचित्रे निघत होतीच. वेस्टन कंपनीने १९३२ साली प्रकाशावर चालणारा विद्युत घट असलेला प्रकाशमापक बाजारात आणला. त्याआधी बराचसा कारभार डोळ्यांच्या अंदाजावर आणि फिल्मच्या खोक्यातील कागदावर चाले. त्या कागदावरचा उन्हाचा नियम अजूनही खरा आहे : लख्ख ऊन असेल तर छिद्र १६ वर ठेवावे आणि शटर फिल्मच्या वेगाइतके, म्हणजे आयएसओ १०० असेल तर १/१०० किंवा १/१२५. हा नियम वस्तूकडे पाहतच नाही, सूर्याकडे पाहतो. त्यामुळे पांढऱ्या झग्याने तो फसत नाही. आमच्या तरुणपणी घरोघरी जो अॅग्फा क्लिक-थ्री असे त्याला प्रकाशमापक नव्हता. पुढे स्टुडिओंतून यशिकाचे दोन भिंगांचे 'मॅट-१२४ जी' दिसू लागले, त्यांच्या माथ्यावर खराखुरा थरथरणारा काटा असे. भिंगातून आत आलेला प्रकाश मोजणारे कॅमेरे १९६३-६४ च्या सुमारास जपानमधून आले. टॉपकॉन आणि पेन्टॅक्स ही त्यांतील पहिली नावे. आज पडद्यावर जी रेघ सरकते तिला आम्ही जुन्या सवयीने काटा म्हणतो.

काट्यावाचून निघालेल्या एका छायाचित्राची हकीकत येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १ नोव्हेंबर १९४१ च्या संध्याकाळी अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रांतात हर्नांडेझ नावाच्या खेड्याजवळून ॲन्सेल ॲडम्स हे छायाचित्रकार मोटारीने चालले होते. (ही तारीख स्वतः ॲडम्स यांना आठवत नव्हती, छायाचित्रातील चंद्राच्या स्थानावरून खगोलाच्या अभ्यासकांनी ती नंतर काढली.) डोंगरांवर चंद्र उगवला होता. खाली लहानसे चर्च, त्याच्याजवळ दफनभूमी, आणि मावळत्या सूर्याची शेवटची तिरीप कबरींवरच्या पांढऱ्या क्रुसांवर पडलेली. ॲडम्स यांनी गाडी थांबवून आपला अवजड कॅमेरा कसाबसा उभा केला आणि वेस्टनचा प्रकाशमापक शोधू लागले, तर तो सापडेना. सूर्य ढगाआड जाण्याच्या बेतात. तेव्हा त्यांना आठवले की चंद्राची तेजस्विता आपल्याला ठाऊक आहे : दर चौरस फुटास २५० कॅन्डल. त्या एका आकड्यावरून त्यांनी मनात हिशेब केला, भिंगावर गडद पिवळी काच होती तिचीही वजाबाकी केली, आणि छिद्र ३२ वर ठेवून एक सेकंद शटर उघडले. सावधगिरी म्हणून दुसरी फिल्म घ्यावयास गेले, तोवर क्रुसांवरचे ऊन गेलेले होते.

या हिशेबातली खरी गोम अशी की, ॲडम्स यांनी चंद्र शून्यावर बसविला नाही. तसे केले असते तर चंद्र करडा निघाला असता आणि क्रूस अंधारात बुडाले असते. त्यांनी चंद्राला मध्यापासून दोन घरे वर बसविले. आपल्या आजच्या पट्टीवर सांगायचे तर अधिक दोनवर. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत क्रमाने पायऱ्या पाडून कोणती वस्तू कोणत्या पायरीवर बसवायची हे आधी ठरविण्याची ही पद्धत ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या आसपास मिळून बसविली होती. 'एम'वर चकती नेणाऱ्याला करायचे ते हेच. काट्याला विचारायचे, ही वस्तू मध्यापासून किती दूर आहे? आणि ती कुठे असावी हे स्वतः ठरवायचे.

आता वधूचा झगा घ्या. शुभ्र कापड पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ९० टक्के प्रकाश परत देते. १८ पासून ९० म्हणजे सव्वादोन स्टॉपहून किंचित अधिक. तेव्हा झग्यावर मोजणी करून काटा अधिक दीड ते अधिक दोनच्या दरम्यान ठेवला की झगा पांढरा दिसतो. त्याहून फार वर नेऊ नये, कारण डिजिटल कॅमेऱ्याचा स्वभाव जुन्या फिल्मच्या अगदी उलट आहे. निगेटिव्ह फिल्मवर प्रकाश थोडा जास्त झाला तर ती सोसून घेई. कमी पडला तर सावलीतले सारे हरपे, जसे मावशीचे झाले. डिजिटल संवेदकावर प्रकाश टिपणारे लक्षावधी सूक्ष्म कप्पे असतात. कप्पा एकदा भरला की पुढचा प्रकाश त्याच्या लेखी नाही. जाळीचे टाके, मोती, चुण्या सारे एकच कोरे पांढरे होऊन जाते आणि नंतर संगणकावर कितीही खटपट केली तरी परत येत नाही. शून्यापासून ही मर्यादा साधारण अडीच-तीन घरांवर असते. उलट सावलीत थोडे कमी पडले तर ते, विशेषतः 'रॉ' स्वरूपात चित्र जतन केले असेल तर, बरेचसे वर उचलता येते. रवा मात्र पत्करावा लागतो. जुने उस्ताद सांगत की सावलीसाठी मोजा. नव्यांना आम्ही सांगतो की आधी उजेड कुठे सांडतो ते पाहा. दोन्ही शहाणपणेच आहेत, आपापल्या यंत्रापुरती.

नवरदेवाच्या काळ्या सुटावर मोजणी केली तर काटा उणे दीड-दोनवर हवा. फादरांच्या पांढऱ्या झग्याला वधूचाच नियम. हिरव्या केळीच्या पानाला, ओल्या लाल मातीला, जुन्या दगडी भिंतीला शून्य चालते.

राहिला चेहरा, आणि सारा खटाटोप चेहऱ्यासाठीच असतो. पुस्तकांतून लिहिलेले असते की चेहऱ्यावर मोजणी करावी आणि काटा अधिक एकवर ठेवावा. ही पुस्तके गोऱ्या माणसांच्या देशांत लिहिली गेली. आमच्या वाडीत आयुष्यभर उन्हात राबलेल्या माणसाचा चेहरा अधिक एकवर ठेवला तर तो त्याचा राहत नाही. शून्यावर किंवा त्याहून थोडा खालीच तो खरा दिसतो. आणि एकाच घरात एक गोरा, एक सावळा असे सख्खे भाऊ असतात, त्यांचे काय? रंग छापणाऱ्या प्रयोगशाळांचेही तेच होते. कोडॅक कंपनी रंग जुळवून पाहण्यासाठी जे नमुन्याचे छायाचित्र पाठवीत असे, त्यावर अनेक वर्षे गोऱ्या तरुणीचेच चित्र असे. पहिल्या तरुणीच्या नावावरून त्याला शर्ली कार्ड म्हणत. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेले कार्ड १९९० च्या दशकात निघाले. तोवर जगातील सगळे चेहरे शर्लीच्या मापाने छापले जात होते. आमच्या जुन्या आल्बमांतील माणसे कधी राखट तर कधी नको तितकी तांबूस का दिसतात, याचे थोडे कारण येथेही असावे असा आमचा तर्क आहे.

यावर एक साधा उपाय आहे, तो आम्ही मुलांना आवर्जून दाखवितो. माणसांच्या चेहऱ्यांत रंगाचा फरक असतो तितका तळहातांत नसतो. तेव्हा ज्या उजेडात माणूस उभा आहे त्याच उजेडात त्याचा किंवा आपला तळहात त्याच दिशेने धरावा, चौकट तळहाताने भरावी, आणि काटा अधिक एकवर येईल असे शटर व छिद्र ठेवावे. मग हात खाली घ्यावा आणि काट्याकडे पाहणे सोडून द्यावे. गोरा भाऊ गोरा येईल, सावळा भाऊ सावळा येईल.

काट्याकडे पाहणे सोडून देणे हेच मुलांना सर्वांत जड जाते, असे आमच्या ध्यानात आले आहे. याची खरी कसोटी पास्काजागरणाच्या रात्री लागते. उपासनेच्या वेळी फ्लॅश वापरू नये अशी आमच्याकडे शिस्त आहे आणि ती योग्यच आहे. चर्चमध्ये मिट्ट काळोख. बाहेर नवा अग्नी पेटतो, त्यावरून पास्काची मेणबत्ती पेटविली जाते, ती तीनदा थांबत थांबत आत येते आणि तिच्यापासून ज्योतीमागून ज्योत लागत अवघे मंदिर उजळत जाते. काट्याची या वेळी विलक्षण तारांबळ उडते. सगळा काळोख पाहून तो उणेच्या टोकाला जाऊन बसतो आणि जणू विनवतो की प्रकाश वाढवा, वाढवा. यंत्रावर सोपविले तर यंत्र वाढवितेही, आणि मग काळोखाचा करडा चिखल होतो, ज्योतीचे पांढरे डाग होतात. पुढच्याच क्षणी एखादा वेदीसेवक पेटती मेणबत्ती घेऊन चौकटीत शिरतो, आणि काटा घाबरून उलट दिशेस धावतो. एका मिनिटात काढलेल्या दहा चित्रांत दहा तऱ्हा होतात.

येथे 'एम'चा उपयोग कळतो. मेणबत्तीपासून चेहऱ्याचे अंतर सर्वांचे सारखेच, हातभर. म्हणजे चेहऱ्यांवर पडणारा उजेडही जवळजवळ सारखाच. आम्ही आयएसओ ३२००, छिद्र २, शटर १/६० असे एकदा बसवितो. एक-दोन चित्रे घेऊन मागच्या पडद्यावर आलेख पाहतो, आणि ज्योतीखेरीज दुसरे काही उजव्या कडेला आपटत नाही अशी खात्री झाली की ग्लोरियाला दिवे लागेपर्यंत चकत्यांना हात लावीत नाही. पट्टीवर काटा कधी उणे तीन दाखवितो, कधी उणे एक. दाखवू दे.

आमची धाकटी मावशी, थोरलीची पाठची बहीण, आता ८८ वर्षांची आहे. ती अजून लाल लुगडे नेसते. गेल्या मे महिन्यात आमच्या पुतणीने नवा कॅमेरा घेतला तेव्हा मावशीचे एक नीट छायाचित्र काढावे असे ठरले. मावशी ओटीच्या कडेला बसली. तिच्या मागे अंगणात ऊन रखरखत होते आणि शेजारणीने दोरीवर पांढऱ्या चादरी वाळत घातल्या होत्या. पुतणीने मावशीचा तळहात वर धरायला लावला. "हात बघतेस की फोटो काढतेस?" असे मावशीने विचारलेच. आयएसओ ४००, छिद्र ५.६, शटर १/१२५ असा हिशेब आला. हात खाली गेला, चौकटीत अंगण आले, आणि काटा उडी मारून अधिक दोनवर गेला.

"काका, फार जास्त दाखवतोय," पुतणी म्हणाली.

"तो चादरी मोजतो आहे," आम्ही म्हणालो.

तिने छायाचित्र घेतले आणि पडद्यावर रंगांचे आलेख वेगवेगळे उघडले. अंगण कोरे पांढरे झाले होते, ते व्हायचेच होते. परंतु लाल रंगाचा आलेखही उजव्या कडेला टेकला होता. गडद लाल कापडाचे हे नेहमीचे दुखणे आहे. एकूण उजेड बेताचा असला तरी एकटा लाल ओसंडतो आणि लुगड्याच्या रेघा पुसल्या जातात. तिने शटर १/१६० केले, एक तृतीयांश स्टॉप कमी. लुगड्याच्या रेघा परत आल्या. मावशीला चित्र दाखविले. मावशीने ते दूर धरून पाहिले, पदर नीट नव्हता म्हणाली, आणि तो सारखा करू लागली.

तेवढ्यात शेजारीण येऊन दोरीवरच्या चादरी गोळा करून घेऊन गेली. मागे नुसती केळीची बाग उरली. काटा सरकत सरकत शून्याच्या अंमळ वर येऊन थांबला. पुतणीने एकवार आमच्याकडे पाहिले, मग मावशीच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि चकत्या होत्या तशाच ठेवून दुसरे छायाचित्र घेतले.